बिनमिशीची साक्ष

रफिकभाऊ,

काल तुम्हाला देहूरोडच्या कब्रस्तानात नेलं तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. बायकांनी आत यायचं नसतं हे मला ठाऊक होतं, तरी पिंपळे गुरवहून एवढ्या लांब आले. तुमच्या घरी सायराभाभींजवळ बसायला बायकांची दाटी झाली होती. माझ्याच्यानं तिथं बसवेना. सगळ्या रडत होत्या आणि मला रडू येत नव्हतं, राग येत होता. भांडण अर्धवट टाकून उठून जाणारा माणूस मला मुळीच आवडत नाही. आणि तुम्ही तर असे भांडखोर, की शेवटचा शब्द स्वतःचा झाल्याशिवाय आमच्या ओट्यावरून कधी हलला नाहीत. या खेपेला उत्तर द्यायची पाळी माझी होती, ते माझ्या तोंडातच राहिलं, आणि तुम्ही निघून गेलात.

जमलेली माणसं म्हणत होती, टीव्हीवरचा माणूस गेला. मला हसूच आलं. टीव्हीवर तुम्ही दिसलात कधी? कंपनीच्या कँटीनमधला तो लाकडी दारांचा टीव्ही उघडला की आम्ही सतरंजीवर बसून बातम्यांची वाट बघायचो. तुम्ही पाठवलेलं चित्रण दिसायचं, पण मुकं. माणसांची तोंडं हलायची आणि आवाज मुंबईत बसलेल्या कुणा बाईंचा. ते चित्रण कुणी केलं हे सांगायची पद्धतच नव्हती. एकदा पवनेच्या पुराच्या बातमीत पुलाच्या कठड्यावर तुमची सावली पडलेली दिसली, तेव्हा अख्ख्या कँटीननं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही तोंड पाडून आलात. म्हणालात, "वहिनी, चूक झाली. बातमी देणारा बातमीत दिसता कामा नये." आम्ही तुमची चेष्टा केली. तुम्ही ते मनापासून बोलत होतात हे मला पुढं कळलं.

तुम्ही आणि आमचे हे, म्हणजे तुमचा दत्ता, एकाच दिवशी कंपनीत अप्रेंटिस म्हणून चिकटलात. तेव्हा पिंपरीला कारखान्यांच्या भिंती नुकत्याच उठत होत्या आणि भिंतीपलीकडे ज्वारी उभी होती. आमच्या मामंजींचं निम्मं रान त्यातच गेलं. ह्यांनी प्रेसशॉप धरला. तुम्ही मात्र भोंगा झाला की देहूरोडला मामाच्या स्टुडिओत पळायचात, जवानांचे घरी पाठवायचे फोटो काढायला. पुढं मुंबईला टीव्ही आला, त्यांना आपल्या भागातून चित्रण करून पाठवणारा कुणी हवा होता, आणि तुम्ही कायमची नोकरी सोडून खांद्याला चावीचा कॅमेरा अडकवलात. मामंजी तेव्हा म्हणाले होते, "पोरगं येडं झालंय. पगाराची नोकरी सोडून आता लोकांच्या लग्नात फोटू काढनार व्हय?"

नाटकाचं वेड तुमचं त्याच्याही आधीचं. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी तुमची मंडळी शिफ्ट सुटल्यावर शाळेच्या हॉलमध्ये तालमी करायची. मी त्याच शाळेत शिकवायची. एकदा पुण्याचा रंगभूषाकार ऐन वेळी आला नाही, आणि ही बाई संमेलनात पोरांना रंगवते एवढ्या भांडवलावर तुम्ही मला पुढं ढकललंत. तेव्हापासून तुमच्या तोंडाला रंग लावायचं काम माझं. भिकारी, म्हातारा, कंपनीचा साहेब, सगळे मी तुमच्या तोंडावर केले. तुमचं पाठांतर असं पक्कं, की विंगेतून वाक्य पुरवणारा माणूस तुमच्या प्रवेशात बिडी ओढायला बाहेर जायचा. तुम्ही एकदाही अडखळल्याचं मला आठवत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. संप चालू होता, आणि त्याच संध्याकाळी स्पर्धेत तुमचा प्रयोग होता. तुम्ही इनामदार होणार होतात. इनामदाराची मिशी म्हणजे माझ्या जिवाला घोर. क्रेपचे केस विंचरायचे, स्पिरिट गमनं थरावर थर चिकटवायचे, मग दोन्ही टोकांना पीळ द्यायचा. म्हणून दुपारीच तुम्हाला समोर बसवलं होतं. मिशी पुरी झाली आणि युनियनचा एक माणूस सायकल टाकून धावत आत आला. गेटवर दगडफेक सुरू झालीय, म्हणाला. तुम्ही उठलात आणि कॅमेरा उचललात.

"अहो, मिशी!" मी ओरडले.

"काढली तर परत लावताना तुमची बोलणी कोण खाणार?" असं म्हणून तुम्ही स्कूटरला किक मारलीत. खाली बुशशर्ट-पँट आणि वर इनामदार. मी हसत होते. आमचे हे त्या गेटवरच आहेत हे माहीत असूनही मी हसत होते, कारण असं काही होईल हे स्वप्नातही नव्हतं.

गेटवर भिकाजी नावाचा म्हातारा वॉचमन होता. त्याच्या डोक्याला दगड लागला आणि तो पडला. हे त्याच्यावर वाकलेले असताना पोलीस आत घुसले आणि ह्यांनाच धरलं. फौजदाराचं म्हणणं, हा माणूस म्हाताऱ्याचं डोकं फोडत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. सगळ्या कंपनीला ठाऊक होतं की महिन्यापूर्वी उशीर झाला म्हणून भिकाजीनं ह्यांना गेटवर अडवलं होतं, ह्यांची शिफ्ट बुडाली होती आणि दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या. भिकाजी शुद्धीवर आला, पण त्याला काही म्हणजे काही आठवेना. एवढंच म्हणायचा की कुणीतरी माझ्या अंगावर होतं.

तुमचं रीळ त्याच संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेलं. त्या दिवशी दुसरी कुठली तरी मोठी बातमी होती, आपली लागलीच नाही. न लागलेलं रीळ जपून ठेवायची कुणाची पद्धत नव्हती. तुम्ही स्वतः जाऊन शोधलंत, हात हलवत परत आलात. हे जामिनावर सुटून घरी आले. कंपनीनं निलंबित केलं होतं. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि त्यानंतर त्या गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे आम्हाला वकिलांनी स्पष्ट सांगितलं. वाचवणारं काही उरलं असेल तर तुमचे दोन डोळे.

त्या दिवसांत गावातली माणसं आमच्या दारावरून मान खाली घालून जायची. तुम्ही मात्र ओट्यावर बसायचात, मुद्दाम रस्त्याच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. आत चला म्हटलं तर म्हणायचात, "इथं वारा बरा लागतो." भर उन्हाळ्यात कसला वारा? त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

खटला उभा राहिला आणि फौजदाराची उलटतपासणी झाली. आमच्या वकिलांनी विचारलं, त्या वेळी तिथं कॅमेरा घेतलेला कुणी होता का? होता, तो म्हणाला. ओळखाल का? "न ओळखायला काय झालं? ही एवढी पिळाची मिशी. इनामदारासारखा गडी." दोघा हवालदारांनी तेच सांगितलं. त्यांनी चेहरा पाहिलाच नव्हता हो, माझी मिशी तेवढी पाहिली होती! आमचे वकील कपाळाला हात लावून बसले, कारण पुढच्या तारखेला ज्या साक्षीदाराला ते उभं करणार होते त्याच्या ओठावर लव नव्हती.

त्यांचा तोडगा सोपा होता. रफिकनं कोर्टात मिशी लावून दाखवावी. आणि तुम्ही साफ नाही म्हणालात.

तारखेच्या आदल्या दिवशी तुम्ही दिवेलागणीला आलात. हे वकिलांकडे गेले होते. मी तुम्हाला पाणीही दिलं नाही.

"मिशी लावली तर तुमचं काय झिजणार आहे?"

"वहिनी, मिशी लावली की मी नट झालो. मग मी जे बोलेन ते पाठ केलेलं."

"आणि नाही लावली तर तुम्ही तिथं नव्हतातच."

"मी होतो. मी सांगणार, मी होतो म्हणून."

"तुम्ही सांगणार आणि ते ऐकणार! मुंबईवाले काय म्हणतील याची भीती वाटतेय, तसं सरळ सांगा ना."

मामंजी कोपऱ्यात तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "लाव की लेका. आमी जल्मभर लावून फिरतोय, आमाला कोन नट म्हनलं न्हाई." तुम्हाला हसू आलं नाही, मलाही नाही. माझा तोल गेला होता. मी म्हणाले, "मला तरी काय ठाऊक तुम्ही काय पाहिलंत ते? मित्र आहात. मित्रासाठी माणूस काहीही बोलतो."

तुमचा चेहरा उतरला. मग तुम्ही सांगायला लागलात. इतके दिवस वकिलांनी बजावलं होतं म्हणून तुम्ही घरच्या कुणाजवळ त्या दुपारबद्दल नीट बोलला नव्हतात. म्हणालात, "दत्ता आधी... नाही, आधी दगड आला. भिंतीच्या बाजूनं. कुणी मारला ते दिसलं नाही मला. माझी चावी संपली होती. कॅमेऱ्याची. मी चावी देत होतो, त्यामुळे त्यातलं निम्मं रिळावर आलंच नसणार. मग तो पडला. दत्ता धावला. भिकाजीच्या गळ्यात शिट्टीची दोरी होती, ती आवळत होती. ती त्यानं... थांबा... ती त्यानं दातानं तोडली. हातानं निघेना म्हणून. मग डोकं मांडीवर घेतलं. नाही, दोरी नंतर. आधी मांडीवर घेतलं." तुम्ही घाम पुसत होतात. मी उठून आत चहा टाकायला गेले. तुम्हाला वाटलं, ही रागानं उठली. चहा न घेताच तुम्ही निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तुम्हाला पिंजऱ्यात उभं केलं. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी. माझ्या पर्समध्ये मिशी होती आणि गमची बाटली होती. तुम्हाला विचारून आणली नव्हती. सरकारी वकील उठले तेव्हा मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"नाटकात कामं करता?"

"करतो."

"स्टेजवर मेलेल्या मुलासाठी तुम्ही रडलात आणि सगळं थिएटर रडलं, असं ऐकलं."

"हो."

"तुम्हाला मुलंबाळं?"

"नाहीत."

"म्हणजे नसलेल्या मुलासाठी रडलात. मग इथं नसलेल्या गोष्टी पाहिल्यात की नाही, हे कोर्टानं कसं ओळखायचं?"

माणसं हसली. तुम्ही शांतपणे घडलेलं सांगायला लागलात आणि पुन्हा तसेच अडखळलात. आधी दोरी की आधी मांडी, पुन्हा तोच घोळ. "पाठांतर कच्चं राहिलं वाटतं," वकील म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. फौजदार मागच्या बाकावर पाय हलवत बसला होता. आमचे हे खाली बघत होते. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. मला वाटलं, संपलं. आता ह्यांना घेऊन जाणार.

तुम्ही ह्यांच्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. पिंजऱ्यातून हात पुढं केलात आणि म्हणालात, "वहिनी, आणलीय ना? द्या."

मी आणणार हे तुम्हाला कसं कळलं हे मी कधी विचारलं नाही. आमच्या वकिलांनी परवानगी मागितली, न्यायाधीशांनी मान हलवली. भरल्या कोर्टात मी तुमच्या ओठावर गम लावला. तुम्ही पुटपुटलात, "डावी बाजू वर चढतेय." एवढंच बोललात, पण माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाहीत. मी पीळ दिला आणि बाजूला झाले. कुणी काही विचारायच्या आत मागच्या बाकावरून फौजदार ताडकन उठला. "हाच! साहेब, हाच तो!"

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही तिथं होतात हे फौजदाराच्याच तोंडून ठरलं, तुमची साक्ष धरली गेली, हे सुटले आणि पुन्हा कामावर लागले. मी पेढे घेऊन तुमच्याकडे आले, तर तुम्ही पेढा हातात धरून बसून राहिलात.

"कोर्टानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, वहिनी. मिशीवर ठेवला."

"मिशीवर ठेवू दे नाहीतर शेंडीवर. माणूस घरी आला ना?"

"माणूस आला," तुम्ही म्हणालात. "मी मात्र तिथंच राहिलो."

तेव्हापासून तुम्ही नाटक सोडलंत. बातमी देणाऱ्यानं सोंग घेऊ नये, एकदा घेतलं की त्याचा खरा चेहराही सोंगच वाटतो, हे तुमचं पालुपद. आणि मी दर वर्षी स्पर्धा जवळ आली की तुमच्याशी भांडायची. तुम्ही रंग लावायचं सोडलंत म्हणून तुमची बातमी जास्त खरी झाली का? मुकीच राहिली ना ती? पदरी असलेला गुण असा मारून टाकायचा कुणी अधिकार दिला तुम्हाला? मंडळी पांगली. माझी रंगपेटी वाळून गेली. मला शाळा होती, घर होतं, पण तुमच्या चेहऱ्यावर कुणी तिसराच माणूस उगवताना बघायचा जो आनंद होता, तो मला पुन्हा कशात मिळाला नाही. यात माझंही काही गेलं हे तुमच्या कधी ध्यानातच आलं नाही. तुम्ही फार चांगले होतात रफिकभाऊ, पण हट्टी होतात, आणि आपल्या दुखण्याला कवटाळून बसायचात.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात आले तेव्हा काविळीनं तुमचे डोळे पार पिवळे झाले होते. तरी मी विषय काढलाच. म्हटलं, बरे व्हा आणि यंदा स्पर्धेत उभे राहा. तुम्ही म्हणालात, "एक माणूस दाखवा, वहिनी. नुसत्या चेहऱ्यानं सांगितलेलं खरं मानणारा एकच माणूस दाखवा. उद्या उभा राहतो."

हे स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते. म्हणाले, "मी आहे की रे."

"तू तर तिथंच होतास," तुम्ही हसलात. "तुझं काय घेऊन बसलास."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तुम्ही ते पाहिलंत. भुवई उंचावून विचारलंतही, काय म्हणून. मी मोसंब्याच्या साली गोळा करत राहिले. ह्यांच्यासमोर ते उत्तर देणं मला जमलं नसतं.

ते असं होतं. भिकाजीनं गेटवर अडवलं त्या दिवशी हे घरी येऊन ताटावर बसले आणि म्हणाले, "त्या थेरड्याला एकदा बघून घेतो." ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ह्यांचा राग मला ठाऊक होता. जामिनावर सुटून आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर म्हाताऱ्याचं रक्त वाळलेलं होतं, आणि तो सदरा धुताना मला वाटलं, ह्यांनीच केलं. तो खटला चालला तितके सगळे दिवस मला तसंच वाटत होतं. मी त्यांना वाढत होते, वकिलांकडे जात होते, देवाला हात जोडत होते, आणि मनात धरून चालले होते की माझ्या नवऱ्यानं पडलेल्या म्हाताऱ्याला मारलं. तुम्ही साक्ष देणार हे ऐकूनही मला दिलासा नव्हता. मला वाटायचं, एवढा पट्टीचा नट, मित्राला वाचवायला झकास बोलेल.

आणि त्या संध्याकाळी तुम्ही बोललात ते किती वाईट बोललात! रंगमंचावर ज्याचा शब्द इकडचा तिकडे झाला नाही त्याला आधी दोरी की आधी मांडी हे ठरवता येईना. रचून सांगणारा माणूस असं सांगत नाही. तो नीट सांगतो. मी चहा टाकायला उठले ती रागानं नाही. आत स्टोव्हपुढं बसून पदर तोंडात कोंबला आणि पोटभर रडले. किती तरी दिवसांनी मला माझा नवरा परत मिळाला होता. कोर्टानं ह्यांना सोडलं ते मिशी बघून, तुम्ही म्हणता ते खरं. पण मी त्यांना आदल्या दिवशीच सोडलं होतं, आणि तेव्हा तुमच्या ओठावर काहीही नव्हतं.

तुम्ही एक माणूस मागितला होतात. तो तुमच्या उशाशी उभा होता आणि नवरा ऐकेल म्हणून गप्प बसला. हे आता बाहेर ओट्यावर बसले आहेत, काल आल्यापासून धड जेवलेले नाहीत. आपली बायको आपल्याला इतके दिवस काय समजत होती हे त्यांना अजून माहीत नाही. लिहून झालं की हा कागद पहिल्यांदा त्यांच्याच हातात देणार आहे.